डॉक्टर डूमची चुकलेली आकडेमोड

जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये मंचावर हिरवे झगे आणि लोखंडी मुखवटे घातलेली माणसे उभी राहिली, त्यांतला एक जण पुढे आला, त्याने मुखवटा उतरवला आणि आतून रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांचा चेहरा प्रकट झाला. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या पात्रावर जीव असलेल्या माझ्यासारख्या वाचकांच्या पोटात मात्र गोळा आला, कारण ज्या खलनायकाचा चेहरा वाचकाला सहसा दाखवायचा नाही हा दंडक बहुतेक लेखक-चित्रकारांनी साठ वर्षे पाळला, त्याची ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’ या नव्या चित्रपटातली पहिली ओळखच मुखवटा काढून करून देण्यात आली. डाउनी उत्तम अभिनेते आहेत, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. धास्ती आहे ती आधीच्या अनुभवांची. २००५, २००७ आणि २०१५ अशा तीन चित्रपटांत हॉलीवूडने डूमला पडद्यावर आणले आणि तिन्ही वेळा नाव तेवढे ठेवून आतला माणूस बदलून टाकला.

ज्यांनी डूमला केवळ पडद्यावर पाहिले आहे त्यांना या संतापाचे मूळ कळणे कठीण आहे, म्हणून मूळ कथा थोडी सविस्तर सांगतो. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी डूमला ‘फॅन्टास्टिक फोर’ या चार नायकांच्या कॉमिकच्या पाचव्या अंकात प्रथम आणले, अंकावर जुलै १९६२ असा महिना छापलेला आहे. त्या कथेत तो आपल्या कालयंत्रातून नायकांना ब्लॅकबिअर्ड या समुद्री चाच्याचा खजिना आणायला भूतकाळात पाठवतो. कथा गमतीदार आहे, पण हा डूम म्हणजे त्या काळच्या कुठल्याही कॉमिकमध्ये शोभला असता असा कारस्थानी शास्त्रज्ञ. त्याचे खरे व्यक्तिमत्त्व घडले ते १९६४ च्या दुसऱ्या वार्षिकांकात, जिथे त्याची जन्मकथा सांगितली गेली.

पूर्व युरोपातल्या लॅटव्हेरिया नावाच्या काल्पनिक देशात, रोमा या भटक्या समाजाच्या तांड्यात व्हिक्टर जन्माला येतो. आई मंत्रतंत्र जाणणारी होती आणि ती लवकरच गेलेली आहे. वडील वैद्य आहेत. त्या प्रांताचा उमराव त्यांना आपल्या आजारी पत्नीवर उपचार करायला बोलावतो; ती वाचत नाही आणि उमरावाचे शिपाई मागे लागतात. वडील लहान मुलाला घेऊन बर्फात पळ काढतात आणि त्याला थंडीपासून जपता जपता स्वतः गारठून मरतात. वडिलांच्या पश्चात मुलाला आईची जादूची सामग्री सापडते. विज्ञानात तो मुळातच तल्लख असतो. पुढे त्याच्या बुद्धीची कीर्ती अमेरिकेपर्यंत पोहोचते आणि एका विद्यापीठात त्याला शिष्यवृत्ती मिळते. तिथे रीड रिचर्ड्स नावाचा तितकाच हुशार मुलगा, म्हणजे पुढे फॅन्टास्टिक फोरचा म्होरक्या होणारा नायक, भेटतो आणि आपण एकाच खोलीत राहू या असे सुचवतो. व्हिक्टर ते तुसडेपणाने धुडकावतो.

आता येतो तो प्रसंग, ज्यावर माझ्या मते सगळे पात्र उभे आहे. व्हिक्टर आपल्या खोलीत इहलोकाच्या पलीकडे पोहोचू पाहणारे यंत्र बांधत असतो. मृत आईच्या आत्म्याशी संपर्क साधण्यासाठीच हा खटाटोप होता, हे नंतरच्या लेखकांनी ठसठशीत केले. रीड सहज खोलीत डोकावतो, टेबलावरचे कागद चाळतो आणि आकडेमोडीत चूक आहे, ती पुन्हा तपासून पाहा, असे साधेपणाने सांगतो. व्हिक्टर त्याला खोलीबाहेर काढतो, कागद तपासत नाही आणि यंत्र सुरू करतो. स्फोट होतो, चेहरा भाजतो, विद्यापीठ त्याला काढून टाकते. त्यानंतर आयुष्यभर तो या सगळ्याचा दोष रीडच्या माथी मारत राहतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण जगातल्या सर्वांत बुद्धिमान माणसांपैकी एकाला लावावी लागते, यातच या खलनायकाची सगळी गंमत आणि सगळी शोकांतिका आहे.

त्याच वार्षिकांकात पुढे तो तिबेटच्या डोंगरांत भिक्षूंच्या एका मठात पोहोचतो, त्यांची विद्या आत्मसात करतो आणि त्यांच्याकडून चिलखत घडवून घेतो. मुखवटा तयार होतो तेव्हा तो अजून पुरता निवलेला नसतो. व्हिक्टरला तेवढाही धीर नसतो. तो तसाच चेहऱ्यावर चढवण्याची आज्ञा देतो. जॅक कर्बी यांची स्वतःची कल्पना अशी होती, की स्फोटामुळे डूमच्या चेहऱ्यावर फक्त एक लहानसा व्रण उमटला असावा आणि स्वतःच्या परिपूर्णतेच्या वेडापायी त्याला तेवढाही सहन झाला नसावा. १९८० च्या दशकात लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी या दोन्ही धाग्यांची सुरेख गाठ मारली: स्फोटाने आला तो व्रण, आणि चेहरा खऱ्या अर्थाने विद्रूप झाला तो तापलेला मुखवटा स्वतःच्या हाताने ओढवून घेतल्यामुळे. म्हणजे त्याला कोणी राक्षस बनवले नाही, कुठल्या किरणोत्सर्गाने त्याचे डोके फिरवले नाही. दोन वेळा थांबण्याची संधी होती आणि दोन्ही वेळा त्याच्या अहंकाराने ती नाकारली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही असे आपण म्हणतो. डूम हा तो पीळ आहे.

या पिळाला त्याचा देश जोडलेला आहे, हेही विसरून चालणार नाही. लॅटव्हेरियाची गादी बळकावलेला डूम हा नुसता गुन्हेगार उरत नाही. तो राष्ट्रप्रमुख असतो, न्यूयॉर्कमध्ये त्याचा दूतावास असतो, राजनैतिक संरक्षणाच्या आडून तो पोलिसांना आणि नायकांना सरळ हसू शकतो. मला स्वतःला या पात्राची गोडी लागली ती जॉन बर्न यांच्याच काळातल्या एका अंकामुळे, जो माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात हाती लागला होता. तो १९८२ चा २४७ वा अंक. पार्श्वभूमी अशी, की काही वर्षांपूर्वी, २०० व्या अंकापर्यंतच्या कथेत, फॅन्टास्टिक फोरने डूमची सत्ता उलथवण्यास मदत केली होती आणि झोर्बा नावाचा राजपुत्र गादीवर बसला होता. २४७ व्या अंकात डूम त्याच नायकांना लॅटव्हेरियाच्या रस्त्यांवरून हिंडवतो. देश भिकेला लागला आहे, घरे पडली आहेत, लोक घाबरून राहत आहेत, आणि डूम दिसताच तेच लोक धावत येऊन आपल्या धन्याचे स्वागत करतात. त्यांचा आनंद खोटा नाही, आणि रीड रिचर्ड्सला तो पाहावा लागतो. झोर्बाच्या यंत्रमानवांकडून जिची हत्या झाली आहे अशा एका स्त्रीच्या लहान मुलाला डूम आपल्या छत्राखाली घेतो, तेही याच अंकात. हुकूमशहा हा हुकूमशहाच आहे, प्रजा स्वतंत्र नाही, तरीही नायकांनी दिलेल्या स्वातंत्र्यापेक्षा तिला त्याची टाच बरी वाटते, ही अस्वस्थ करणारी गोष्ट वीसबावीस पानांच्या रंगीत कॉमिकने कसलाही निवाडा न देता समोर ठेवली होती.

आणि आई. १९८९ मध्ये रॉजर स्टर्न यांनी लिहिलेल्या आणि माइक मिन्योला यांनी चितारलेल्या ‘ट्रायम्फ अँड टॉरमेंट’ या चित्रकादंबरीत डूम आणि जादूगार नायक डॉक्टर स्ट्रेंज आईच्या आत्म्याच्या सुटकेसाठी नरकात उतरतात. तिथे डूम जे करतो ते इतके कपटी आणि त्याच वेळी इतके मातृभक्त आहे, की शेवट इथे सांगून वाचकाचा रसभंग करवत नाही. शक्य असेल त्याने ते पुस्तक जरूर मिळवून वाचावे.

एवढा ऐवज हाताशी असताना चित्रपटांनी काय केले, ते आता पाहू.

२००५ च्या टिम स्टोरी दिग्दर्शित चित्रपटात ज्युलियन मॅकमॅहन यांनी साकारलेला व्हिक्टर हा न्यूयॉर्कचा गडगंज उद्योगपती आहे. त्याच्याच अंतराळस्थानकावर नायकांना वैश्विक वादळ गाठते आणि त्याच वादळात तोही सापडतो. चौघांना शक्ती मिळतात, पाचव्याचे शरीर हळूहळू धातूचे होत जाते आणि हातांतून वीज सुटू लागते. मोहीम फसल्यामुळे त्याच्या कंपनीची पत घसरते, पैसा लावणारा बँकर हात वर करतो आणि व्हिक्टर त्याला पार्किंगमध्ये गाठून विजेच्या झोताने ठार करतो. लॅटव्हेरियाचा राजा म्हणून ज्याने कोणापुढे मान तुकवली नाही, त्याचा पहिला बळी कर्जाच्या भांडणातला असावा, याहून मोठी अवनती कल्पता येत नाही. रीडशी वैर आहे, पण ते मुख्यतः चौघांतली एक असलेल्या सू स्टॉर्मवरून आणि पैशांवरून. चेहऱ्यावर व्रण आहे, मुखवटाही आहे, पण व्रण वादळाने दिलेला आणि मुखवटा शेवटी शेवटी चढवलेला. मॅकमॅहन यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या वाट्याला आलेला माणूस त्यांनी मन लावून उभा केला. जुलै २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा, ज्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे त्या डूमची टर उडवली होती, त्यांनीच अभिनेत्याबद्दल आपुलकीने लिहिले, हे बरे झाले.

२००७ च्या पुढच्या भागात तोच डूम गॅलॅक्टसचा दूत असलेल्या सिल्व्हर सर्फरची शक्ती चोरतो. कल्पना १९६० च्या दशकातल्या कॉमिकमधलीच आहे, पण पडद्यावर ती उरकून टाकल्यासारखी आली. त्या चित्रपटाचे मोठे पाप दुसरेच होते: ग्रह गिळणारा महाकाय गॅलॅक्टस तिथे चक्क ढग करून दाखवला गेला. जांभळे शिरस्त्राण घातलेला राक्षसी पुरुष प्रेक्षकांना हास्यास्पद वाटेल अशी भीती त्यामागे असावी. २०२५ मध्ये मॅट शॅकमन यांनी त्याच गॅलॅक्टसला शिरस्त्राणासह, राल्फ इनेसन यांच्या घनगंभीर आवाजासह न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चालवले आणि चित्रपटगृहात कोणी हसले नाही.

२०१५ च्या जॉश ट्रँक यांच्या चित्रपटाची कथा तर आणखी विचित्र. प्रदर्शनाच्या आधी, २०१४ च्या अखेरीस, टोबी केबेल यांनी एका मुलाखतीत सांगितले, की त्यांच्या पात्राचे नाव व्हिक्टर डोमाशेव आहे, तो माणूसघाणा संगणक-प्रोग्रामर आहे आणि ‘डूम’ हे त्याचे ब्लॉगवरचे टोपणनाव आहे. चाहत्यांनी आकाशपाताळ एक केले. चित्रपट आला तेव्हा नाव पुन्हा व्हिक्टर व्हॉन डूम झालेले होते, पण नाव परत आणल्याने माणूस परत येत नाही. हा व्हिक्टर दुसऱ्या मितीतल्या ग्रहावर अडकतो, त्याचा अंतराळपोशाख त्वचेत वितळून जातो आणि तो परततो ते सरळ जग नष्ट करायला. संशोधनकेंद्राच्या बोळातून तो माणसांची डोकी फोडत चालत येतो, ते दृश्य थरकाप उडवणारे आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतर मात्र त्याला बोलायलाही फारसा वाव मिळत नाही आणि चौघे मिळून त्याला थोडक्यात निकालात काढतात.

या सगळ्यांच्या आधीचा एक चित्रपट मात्र लोकांपर्यंत अधिकृतपणे कधी पोहोचलाच नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन निर्माते बर्न्ड आयकिंगर यांच्याकडे या कॉमिकचे हक्क होते आणि ते निसटून जाऊ नयेत म्हणून रॉजर कॉर्मन यांच्यासह सुमारे १० लाख डॉलरमध्ये घाईघाईने चित्रपट उरकण्यात आला. तो कधीच प्रदर्शित झाला नाही. चोरून काढलेल्या प्रतींवरच तो जगला. त्यातले रबरी आणि पुठ्ठ्याचे वैभव पाहून हसू आवरत नाही. तरीही त्यातला जोसेफ कल्प यांचा डूम हिरव्या झग्यात वावरतो, मुखवट्याआडून बोलतो, हातवारे करून राजासारखा गुरकावतो, आणि रीडशी त्याचे वैर महाविद्यालयातल्या प्रयोगापासून सुरू होते. मूळ पात्राच्या सर्वांत जवळ पोहोचला तो सर्वांत स्वस्त चित्रपट, ही बाब मोठ्या स्टुडिओंना भूषणावह नाही.

असे का होते, याचा विचार केला की पटकथालेखकांचा आळस एवढेच उत्तर पुरत नाही. पहिले कारण सरळ व्यवहाराचे आहे: नामवंत अभिनेत्याला मानधन देऊन त्याचा चेहरा दोन तास लोखंडाआड झाकणे निर्मात्यांच्या जिवावर येते. दुसरे कारण असे, की दोन तासांच्या चित्रपटात नायकाचा उगम आणि खलनायकाचा उगम अशा दोन कथा मावत नाहीत, म्हणून दोघांना एकाच अपघातात कोंबले जाते. कागदावर ही युक्ती सुबक दिसते. डूमच्या बाबतीत मात्र तिने मुळावरच घाव बसतो, कारण अपघात सर्वांना सारखाच झाला असेल तर डूमचा दोष काय उरला? तो केवळ दुर्दैवी पाचवा ठरतो. कॉमिकमध्ये त्याच्याकडे कसल्याही जन्मजात वा अपघाती शक्ती नाहीत; जे आहे ते त्याने अभ्यासाने, जादूने आणि हट्टाने मिळवले आहे, आणि जे गमावले आहे तेही स्वतःच्याच हट्टाने. ही जबाबदारी त्याच्या खांद्यावरून काढून वादळावर टाकली, की उरतो तो फक्त पोशाख. तिसरे कारण हक्कांचे. फॉक्स स्टुडिओकडे हक्क होते तोवर चित्रपट काढत राहणे ही त्यांची गरज होती, डूम समजून घेणे ही नव्हती.

बदल करूच नयेत असे माझे म्हणणे नाही, आणि सुज्ञ चाहत्यांचेही ते कधी नव्हते. २००८ च्या बॅटमॅन चित्रपटात हीथ लेजर यांच्या जोकरची कांती रसायनांनी पांढरी पडलेली नाही, तो रंग फासतो, त्याला भूतकाळ नाही. तरीही तो जोकर आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका आली नाही. २०१७ मध्ये मायकल कीटन यांचा व्हल्चर, स्पायडरमॅनचा शत्रू, म्हातारा संशोधक न राहता ढिगारे उपसणारा ठेकेदार झाला. काम सरकारने हिसकावल्यावर तो चोरीकडे वळतो. भागीदाराकडून फसवल्या गेलेल्या माणसाची मूळ कडवट नस त्यात शाबूत होती, म्हणून हा बदल लोकांना आवडला. आयर्न मॅनचा शत्रू मँडॅरिन याच्या बाबतीत तर बदल आवश्यकच होता. १९६४ मध्ये अवतरलेले ते पात्र म्हणजे पूर्वेकडच्या कपटी माणसाविषयीच्या पाश्चात्त्य भयगंडाचे व्यंगचित्र होते. २०१३ मध्ये बेन किंग्जली यांचा मँडॅरिन हा भाड्याने आणलेला नट निघाला तेव्हा चाहते खवळले. मला ती खेळी धाडसी वाटली, पण त्यानंतर खरा खलनायक म्हणून पुढे केलेला उद्योजक तितकासा दमदार नव्हता, ही तक्रार रास्त आहे. २०२१ मध्ये टोनी लिअंग यांनी त्याच पात्राचा नवा अवतार, वेनवू, उभा केला तेव्हा जुन्या व्यंगचित्रातून जिवंत, घायाळ माणूस कसा घडवता येतो ते दिसले.

चाहत्यांच्या संतापाची दुसरी बाजूही झाकून ठेवता येणार नाही. २०१५ च्या चित्रपटात चौघांपैकी एक असलेल्या जॉनी स्टॉर्मच्या भूमिकेत मायकल बी. जॉर्डन हे कृष्णवर्णीय अभिनेते आहेत म्हणून जो गदारोळ झाला, त्यातला बराचसा भाग निव्वळ वर्णद्वेष होता. त्या गोंगाटात डूमविषयीची साधार तक्रार बुडून गेली, आणि स्टुडिओंनाही सगळ्याच टीकाकारांना एका माळेचे मणी ठरवणे सोपे झाले. कातडीचा रंग आणि पात्राचा स्वभाव यांत फरक न करणाऱ्यांनी आमच्या बाजूचे जेवढे नुकसान केले तेवढे कुठल्या पटकथेने केले नसेल.

मात्र डूमच्या बाबतीत वंशाचा प्रश्न उलट बाजूने खरा आहे. तो रोमा आहे, आणि त्याचे बालपण सत्ताधाऱ्यांच्या लहरीवर जगणाऱ्या, हाकलल्या जाणाऱ्या समाजात गेले आहे; त्या अपमानातून त्याची सत्तेची भूक समजते. १९६४ च्या कथेत रोमांविषयीचे जुने ठोकळेही आहेत, मंत्रतंत्र करणारी आई हा त्यांतलाच, आणि आजच्या लेखकाने ते जबाबदारीने हाताळायला हवेत. चित्रपटांनी मात्र हाताळण्याचा त्रासच घेतला नाही. समाजच गायब केला. डाउनी यांच्या निवडीनंतर या मुद्द्यावर जी नाराजी उमटली ती मला पटते.

आता सगळ्यांचे डोळे रूसो बंधू दिग्दर्शित ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’कडे लागले आहेत, ज्याची तारीख आधी मे २०२६ होती आणि मग १८ डिसेंबर २०२६ जाहीर झाली. २०२५ च्या फॅन्टास्टिक फोर चित्रपटात श्रेयनामावलीच्या मध्ये एक क्षणभर डूम दिसतो: हिरवा झगा पाठमोरा, मुखवटा हातात, समोर रीड आणि सू यांचा लहानगा मुलगा. झगा योग्य आहे, मुखवटा योग्य आहे, चेहरा प्रेक्षकाला दाखवलेला नाही. एवढ्यानेही काही जणांना हायसे वाटले, यावरून आमची भूक किती कमी करून ठेवली आहे ते कळावे.

माझी धास्ती डाउनी यांच्या चेहऱ्याशी निगडित आहे, आणि ती अशी, की हा डूम डाउनी यांनीच आधी साकारलेल्या टोनी स्टार्कची, म्हणजे आयर्न मॅनचीच, दुसऱ्या विश्वातली आवृत्ती निघेल. तसे झाले तर त्याच्या दुःखाची मुळे लॅटव्हेरियाच्या बर्फात न राहता स्टार्कच्या समाधीपाशी जातील आणि साठ वर्षांचे पात्र दुसऱ्या कोणाच्या तरी कथेची शेपटी होऊन बसेल. चेहरा योगायोगाने सारखा आहे, त्याचा अर्थ कोणी लावत नाही, आणि मुखवटा बहुतेक वेळ चेहऱ्यावरच राहतो, असे झाले तर मी डाउनी यांची निवड आनंदाने मान्य करीन. लॅटव्हेरिया दहा मिनिटे दिसला तरी चालेल. तिथली माणसे आपल्या राजाला भिताना आणि त्याच्यावर प्रेम करताना दिसली पाहिजेत. आईचा उल्लेख एका वाक्यात आला तरी पुरे. विद्यापीठातला स्फोट दाखवायला वेळ नसेल तर तोही वगळावा, पण कुठेतरी, कोणाच्या तरी तोंडून, तो कागद तपासून पाहा असे कोणीतरी सांगितले होते आणि याने ऐकले नाही, एवढे प्रेक्षकाला कळले पाहिजे.